दारात समुद्र, मग नेट जेद्दाहला कसं अडकलं?

आमच्या वाड्यावरची एक मुलगी घरून काम करते. कंपनी पुण्याची, गिऱ्हाईक जर्मनीतलं आणि ऑफिस म्हणजे मांद्रेतल्या तिच्या घराची पडवी. २०२५ साली ६ सप्टेंबरला, नेमक्या अनंत चतुर्दशीला, तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल्स तुटल्या आणि पुढचे काही दिवस तिच्या मीटिंगांचा पार विचका झाला. बोललेलं उशिरा पोचायचं, दोघं एकदम बोलायला लागायची, मग दोघंही गप्प. एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि एका दमात चार प्रश्न विचारून मोकळी झाली. ‘काका, नेट सॅटेलाइटवरून येत नाही का? समुद्रातली केबल तुटते कशी? जोडायला इतके दिवस का लागतात? आणि आपल्या दारात एवढा समुद्र असताना आमचं नेट तिकडे अरबस्तानात जाऊन का अडकतं?’

मी २६ वर्षं केबल टाकणाऱ्या आणि सांधणाऱ्या बोटींवर जॉइंटर, म्हणजे केबलचे सांधे जोडणारा, होतो. गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. आमच्याकडचे बहुतेक तारवटी मालाच्या नाहीतर पर्यटकांच्या बोटींवर गेले, मी या आडवाटेच्या धंद्यात शिरलो. त्या संध्याकाळी चहा निवेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहितो.

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण घरी सुट्टीवर आलो की तोच प्रश्न मला दरवेळी कोणी ना कोणी विचारायचं.

गोव्याला शंभर किलोमीटरहून जास्त किनारा आहे. समुद्राचा अभ्यास करणारी देशातली मोठी संस्था, एनआयओ, आमच्या दोना पावलाला आहे. तरी परदेशातून येणारी केबल गोव्याच्या वाळूत वर येत नाही. भारतात या केबल्स किनाऱ्याला लागतात त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या शहरांत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबात अशा १७ केबल्स आणि त्या जिथे किनाऱ्यावर वर येतात अशी १४ लँडिंग स्टेशनं होती. एकट्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूखाली इतक्या केबल्स आहेत, की तिथे संध्याकाळी भेळ खात फिरणाऱ्यांना कल्पनाही नसेल.

आमची सरकारी कदंबाची बस रस्ता आहे म्हणून गावात येत नाही, उतारू आहेत म्हणून येते. केबलचंही तसंच. ती समुद्रातून येते खरी, पण तिला हवी असते जमीन. चोवीस तास न जाणारी वीज हवी, शेजारी डेटा सेंटरं हवीत, आत देशभर पसरलेलं फायबरचं जाळं हवं, आणि आधीच उतरलेल्या दुसऱ्या केबल्स हव्यात, म्हणजे एकीवरचा माल दुसरीवर चढवता येतो. हे सगळं मुंबईत तयार आहे. हजारो कोटींची केबल आणून ती मोरजीच्या कासवांच्या किनाऱ्यावर काढायची आणि मग रस्त्याने पुन्हा मुंबईलाच न्यायची, हा व्यवहार कोण करील? आपलं नेट म्हणूनच मुंबईकडून, महामार्गाच्या नाहीतर रुळाच्या कडेने, किंवा घाट उतरून बेळगावच्या बाजूने येतं. आधी जमिनीवरून मुंबई, मग समुद्र.

आणि मुंबईहून युरोपला जायची वाट फार जुनी आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य बोटीने मुंबई ते एडन तारेची केबल टाकली. एडनहून तांबड्या समुद्रातून सुएझ, तिथून इजिप्तची जमीन ओलांडून भूमध्य समुद्र, मग माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्कावेलोस आणि शेवटी इंग्लंडच्या टोकाला पोर्थकर्नो. म्हणजे लंडन-मुंबई तार पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागली, पण पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याला लागली नाही. तेव्हाही तिला मुंबईच हवी होती.

त्या काळी तांब्याच्या तारेवर गटापर्चाचं आवरण असायचं. मलायातल्या एका झाडाचा चीक. आपल्या फणसाच्या चिकाची आठवण व्हावी असाच, फक्त गार झाला की कडक होणारा आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षं न कुजणारा. त्या आधी १८५८ मध्ये अटलांटिकखालून पहिली तार गेली होती. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पोचायला १६ तास लागले. सिग्नल मंद येतो म्हणून तिथल्या विजेच्या तज्ज्ञाने दाब वाढवत नेला आणि तीनेक आठवड्यांत केबल जाळून ठेवली. आमच्या धंद्यात नव्या पोराला ही गोष्ट हमखास सांगतात. केबल रुसली तर तिच्यावर जोर करायचा नाही.

आता नकाशा काढ आणि १८७० ची ती वाट आजच्या केबल्सवर ठेवून बघ. जवळजवळ तीच. आशिया आणि युरोप यांच्यामध्ये जमिनीचा सर्वांत अरुंद पट्टा इजिप्तमध्ये आहे, म्हणून सगळ्यांना तांबड्या समुद्रातूनच जायचंय. त्याच्या दक्षिण तोंडाला बाब-अल-मंदेब, रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. त्या गळ्यातून भारत-युरोपच्या केबल्स जत्रेतल्या माणसांसारख्या एकमेकींना खेटून जातात. २०२५ मध्ये जेद्दाहजवळ ज्या तुटल्या त्यांत सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी होत्या, दोन्ही मुंबईला लागणाऱ्या. त्या आधी २०२४ च्या फेब्रुवारीत येमेनच्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेली ‘रुबीमार’ ही मालबोट नांगर टाकून माणसांनी सोडून दिली. ती वाहत गेली आणि बहुधा तिच्याच ओढल्या जाणाऱ्या नांगराने तीन केबल्स कापल्या. क्षेपणास्त्राने केबल तुटली नाही, नांगराने तुटली. हे लक्षात ठेव, नांगराकडे परत यायचं आहे.

सॅटेलाइटचं उत्तर थोडक्यात. देशादेशांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्राखालूनच जातो. डिशवाले जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. तू ‘हॅलो’ म्हटलंस की जर्मनीतल्या माणसाचं उत्तर ऐकायला तुला अर्धा सेकंद वाट बघावी लागणार. स्टारलिंकसारखे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, त्यांना एवढा वेळ लागत नाही. डोंगरातल्या एकट्या घराला, बोटीला, युद्धातल्या गावाला ते उत्तम. पण एका केबलमधून जेवढं जातं तेवढं आकाशातून वाहून न्यायचं म्हटलं तर झेपणार नाही. शिवाय उपग्रहाचा सिग्नल जिथे खाली उतरतो, तिथून पुढे तोही फायबरमध्येच शिरतो.

आता केबल. माझ्याकडे एक वीतभर तुकडा आहे, शोकेसमध्ये दत्ताच्या फोटोशेजारी ठेवलाय. पाहुण्यांना दाखवला की प्रत्येकाचा चेहरा उतरतो. एवढीशीच? होय, एवढीशीच. खोल समुद्रातली केबल १७ ते २० मिलिमीटर जाडीची, म्हणजे बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी. सगळ्यांत बाहेर काळं पॉलिथिन. ते सोललं की तांब्याची नळी. तिच्या आत पोलादी तारांचा वेढा. त्याच्या आत आणखी एक बारीक नळी, तिच्यात जेलीसारखा चिकट पदार्थ, आणि त्या जेलीत पोहणारे काचेचे धागे. एकेक धागा पाव मिलिमीटर, तोही रंगाचा थर धरून. रंग काढला की ०.१२५. सगळं जग म्हणतात ते या धाग्यांत. बाकीचा सगळा लवाजमा त्यांना जपायला.

किनाऱ्याजवळ मात्र हीच केबल अंग धरते. तिच्यावर पोलादी तारांचे एक-दोन पदर चढवतात, त्यावर डांबरात भिजवलेला दोरा. जाडी चक्क मनगटाएवढी होते. म्हणजे जिथे पाणी कमी तिथे केबल जाड, आणि चार किलोमीटर खोल काळोखात ती बारीक. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण चार किलोमीटरवर तिच्या वाट्याला कोणी जात नाही. धोका माणसाचा आहे, आणि माणूस उथळ पाण्यातच असतो.

प्रकाश काचेतून जाताना क्षीण होत जातो, म्हणून साधारण ६० ते १०० किलोमीटरवर एक रिपीटर बसवलेला असतो. दिसायला एखाद्या लांबट गॅस सिलिंडरासारखा. त्यात एर्बियम हा धातू मिसळलेल्या काचेचा तुकडा असतो. त्याला लेझरने चेतवून ठेवलं की येणारा मंद प्रकाश त्यातून जाताना आपोआप उजळतो. दहा हजार किलोमीटरच्या केबलवर असे शंभर ते दीडशेच्या वर रिपीटर. त्यांना वीज लागते, ती किनाऱ्यावरून त्याच तांब्याच्या नळीतून जाते. प्रवाह एक अँपिअरच्या आसपास, पण दाब दहा हजार व्होल्ट आणि वर. परतीची तार नाही. परतीची वाट म्हणजे समुद्र.

यातली एक करामत मला अजून आवडते. समज, ट्रॉलरच्या लोखंडी फळीने केबल खरवडली, पॉलिथिन फाटलं, तांबं पाण्याला लागलं, पण काच शाबूत आहे. वीज तिथूनच समुद्रात पळते. अशा वेळी दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं फोनवर बोलत आपापला दाब कमी-जास्त करतात, एकीकडून धन, दुसरीकडून ऋण, आणि शून्याचा बिंदू हळूहळू सरकवत बरोबर त्या जखमेवर आणून ठेवतात. शून्य दाब असेल तिथून वीज पळणार कशी? केबल जखमी असूनही चालू राहते, आणि तुला पडवीत बसून पत्ताही लागत नाही. मी असे आठवडे पाहिलेत, की जगातली एक मोठी केबल अशा कसरतीवर तगून आहे आणि बातमीत एक ओळ नाही.

तुटण्याची कारणं. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा कुठे ना कुठे बिघाड होतो. त्यातले सत्तर-ऐंशी टक्के मासेमारी आणि बोटींचे नांगर यांच्यामुळे. शार्क केबल खातात ही गोष्ट लोकांना फार आवडते. पूर्वी एखाददुसऱ्या केबलमध्ये शार्कचे दात सापडले होते, पण धंद्यात आम्ही त्याची काळजी करत नाही. भूकंपाची करतो. २६ डिसेंबर २००६ ला तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला, समुद्राच्या उतारावरून चिखलाचा लोंढा धावला आणि एका रात्रीत नऊ केबल्स गेल्या. ११ बोटींना जोडायला ४९ दिवस लागले.

आणि नांगर. आपल्या मराठीत बोट थांबवतो तोही नांगर आणि शेत नांगरतो तोही नांगर. आमच्या धंद्यात दोन्ही आहेत. केबल टाकणारी बोट उथळ समुद्रात मागे एक भलाथोरला नांगर ओढत जाते, शेतातला. तो तळाचा चिखल चिरतो, केबल त्या तासात, म्हणजे चरात, पडते आणि चिखल वरून मिटतो. एक-दीड मीटर खाली ती पुरली जाते. मग येतो दुसरा नांगर, बोटीचा. बंदराबाहेर खोळंबलेल्या मोठ्या टँकरचा नांगर कित्येक टनांचा. वाऱ्याने बोट सरकली की तो चिखलात खोल रुतत ओढला जातो आणि पहिल्या नांगराची सगळी मेहनत उपटून टाकतो. मुंबईसमोर ही उथळ पाण्याची पायरी फार रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. मुंबईला येणाऱ्या केबलला म्हणूनच नांगर आणि ट्रॉलर यांच्या राज्यातून लांबचा प्रवास करावा लागतो.

इथे आपल्या मच्छीमारांसाठी एक गोष्ट, कारण ती त्यांना कोणी सांगत नाही. रापण ओढणाऱ्यांनी केबलची चिंता करायचं कारण नाही, ते किनाऱ्यालगत. पण ट्रॉलरचं जाळं खाली कशात तरी अडकलं आणि तिथे नकाशात केबल दाखवलेली असेल, तर विंच लावून ओढू नये. एक तर पोलादी केबल ताणली गेली की लहान ट्रॉलर कलंडू शकतो. दुसरं म्हणजे तिच्यात हजारो व्होल्ट असतात. आणि तिसरं, केबल वाचवण्यासाठी जाळं किंवा नांगर कापून सोडला तर केबलच्या मालकाने त्याची भरपाई द्यावी, असं आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यातच लिहिलंय. १८८४ च्या पॅरिस करारापासून हे कलम चालत आलंय. अट एवढीच की आधी वाजवी काळजी घेतलेली असावी. जुन्या करारात तर बंदराला लागल्यापासून चोवीस तासांत खलाशांच्या साक्षीसह नोंद करायला सांगितलंय. जाळं कापण्याआधी जागेचा जीपीएस आकडा टिपून ठेवावा.

आता जोडायला इतके दिवस का, ते.

केबल तुटली हे किनाऱ्यावर काही सेकंदांत कळतं. कुठे तुटली हेही लवकर कळतं. काचेत प्रकाशाचा ठोका सोडायचा, तुटलेल्या टोकावरून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. काचेतला प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर हे ठाऊक असतं, त्यावरून अंतर निघतं. इथवर सगळं झटपट. मग सुरू होते वाट बघण्याची कामं. बोट रिकामी हवी, ती दुसऱ्या दुरुस्तीवर असेल तर थांबा. तिच्यात योग्य जातीची सुटी केबल चढवा, कारण केबलच्याही जाती असतात. मग ज्या देशाच्या हद्दीत तुटली त्याच्या परवानग्या. २०२४ मध्ये येमेनसमोर परवानग्या, विमा आणि क्षेपणास्त्रं यांतच महिने गेले. आपल्या बाजूलाही परवानग्यांचे कागद कमी नाहीत. माझ्या काळात भारताचा झेंडा लावलेली दुरुस्तीची बोट मी पाहिली नाही, आखातातून नाहीतर सिंगापूरच्या बाजूने यायच्या. भारताकडे अशा बोटी असाव्यात हा विषय ट्रायने २०२३ च्या शिफारशींत घेतला, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी आंब्यांना आळी करत होतो. त्यात पावसाळा. जून ते ऑगस्टमध्ये अरबी समुद्राच्या लाटा बघितल्यास ना? बोटीला एका जागी उभं राहताच येत नाही.

बोट जागेवर पोचली की काम अगदी घरगुती आहे. विहिरीत कळशी पडली की आपण काय करतो? दोरीला लोखंडी गळ बांधून तळावरून फिरवतो, आणि दोरी हाताला जड लागली की ओढतो. तेच. फक्त विहीर चार किलोमीटर खोल आणि कळशीच्या जागी बागेच्या पाइपाएवढी केबल. गळ खाली पोचायलाच कितीतरी तास लागतात. बोट माणसाच्या चालीपेक्षाही हळू, केबलच्या वाटेला आडवी सरकते. डेकवर सगळ्यांची नजर ताण दाखवणाऱ्या काट्यावर. काटा हळूहळू चढायला लागला की गळाला काहीतरी लागलंय. खडकाला लागला तर काटा एकदम उडतो, केबलला लागला तर जड, ओला, सावकाश चढतो. जुन्या माणसांना काट्याकडे न बघता दोराच्या कुरकुरीवरून ते कळायचं. माझे पहिले बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, केरळचे होते, ते दोरावर हात ठेवून डोळे मिटायचे आणि एवढंच म्हणायचे, ‘दगड.’ बहुतेक वेळा दगडच असायचा.

एक टोक वर आलं की त्याची तपासणी करायची, तोंड बंद करायचं आणि बोयाला बांधून समुद्रावर तरंगत सोडायचं. मग दुसऱ्या बाजूचं टोक शोधायला जायचं. खोल पाण्यात तुटलेली टोकं नुसती वर ओढून एकमेकांना भिडत नाहीत. तळापासून बोटीपर्यंत यायला दोन्ही बाजूंना लांबी हवी, म्हणून मध्ये नवीन केबलचा तुकडा घालावाच लागतो, कित्येक किलोमीटरचा. दुरुस्त केलेली केबल म्हणजे ठिगळ लावलेली केबल, नेहमी थोडी जास्त लांब.

आणि मग माझं काम.

जॉइंटिंगची खोली बोटीवरची सगळ्यांत थंड आणि सगळ्यांत गप्प जागा. टेबलावर काळं कापड, कारण पांढऱ्यावर काच दिसत नाही. धाग्याचा रंग सोलायचा, स्पिरिटने पुसायचा. नीट पुसला की बोटात धरल्यावर तो चुईं असा बारीक आवाज करतो, तोच त्याचा स्वच्छ झाल्याचा दाखला. मग टोक असं कापायचं की ते आरशासारखं सपाट यावं. दोन टोकं स्प्लायसरमध्ये समोरासमोर ठेवायची, पडद्यावर ती दोन खांबांसारखी दिसतात. बटण दाबलं की विजेची ठिणगी, काच वितळते, दोन खांबांचा एक होतो. एक धागा झाला. असे जितके धागे असतील तितक्यांदा. कापून पडलेला तुकडा कातडीत शिरला तर बांगड्याचा काटा बरा म्हणायची वेळ येते, काटा निदान दिसतो तरी. म्हणून प्रत्येक तुकडा मोजून डबीत टाकायचा. बोट डुलत असते, आणि तुझ्या हातात केसाएवढी काच असते. शरीर आपोआप शिकतं. डोलण्याच्या दोन टोकांमध्ये एक क्षण बोट स्तब्ध असते, हात त्या क्षणात हलतो.

काच जोडून झाली की पोलाद, मग तांबं, मग वरून वितळलेलं पॉलिथिन साच्यात ओतून पुन्हा पूर्वीसारखं आवरण. आणि त्या आवरणाचा एक्स-रे. कारण आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दहा हजार व्होल्ट आणि चार किलोमीटर पाण्याचा भार त्याला शोधून काढतात.

एकदा ओमानच्या समुद्रात मी शेवटचा सांधा करत होतो. पहाटेचे दोन वाजले होते, हवामान बिघडणार असल्याचा निरोप आला होता आणि ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात तिथून, दर अर्ध्या तासाला विचारणा होत होती. साचा थंड व्हायला ठरलेला वेळ असतो. मी त्यातली सात-आठ मिनिटं चोरली. एक्स-रे आला. वरिष्ठ जॉइंटर ओरडले नाहीत, त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि माझ्याकडे सरकवली. मोहरीएवढा एक काळा ठिपका. सांधा कापला. पुन्हा पहिल्यापासून, सोळा तास. मधल्या वेळी सासष्टीच्या आमच्या कुकने शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांचं कालवण, दारात ठेवलं, आत यायची कोणाला परवानगी नसायची. ते गार झालं, मग त्याने ते उचलून नेऊन पुन्हा गरम करून आणलं. वारा आमच्या नशिबाने एक दिवस उशिरा आला.

शेवटचा सांधा झाला की केबलचा तो भला मोठा फास दोरांवर बोटीच्या कडेवरून खाली सोडतात, आणि एका इशाऱ्यावर दोर कापतात. छपाक. पुढे काही नाही. किनाऱ्यावरून फोन येतो, ‘ट्रॅफिक आला’. तोवर बोट पुढच्या बिघाडाकडे वळलेली असते.

आता तुझ्या जर्मनीच्या मीटिंगा. मुंबईहून युरोपपर्यंत केबलच्या वाटेने दहा हजार किलोमीटर धरले तर प्रकाशाला जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. कानाला कळत नाही. तांबड्या समुद्रात दोन केबल्स गेल्या की त्यांच्यावरचा माल उरलेल्या केबल्सवर चढतो, शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाच्या बसमध्ये चढतात तसा. ज्याला जागा मिळत नाही तो उलट्या दिशेने जातो: चेन्नई, सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक आणि मग जर्मनी. पृथ्वीला जवळजवळ वळसा. प्रकाश तोच, वेग तोच, वाट तिप्पट-चौपट. मधल्या रांगा आणि उपकरणं धरली की उशीर कानाला कळायला लागतो, म्हणून तुम्ही दोघं एकदम बोलता. नेट ‘तुटलं’ नव्हतं, लांबून येत होतं. असं चालू असताना कॅमेरा बंद केला तरी लांबच्या वाटेचा उशीर कमी होत नाही. बोलून झालं की ‘तुम्ही बोला’ असं म्हणायची जुन्या ट्रंक कॉलची सवय लावून घे, मीटिंग सुरळीत होईल.

उपाय म्हणून नव्या वाटा शोधणं चालू आहे. आफ्रिकेला वळसा घालणारी ‘टू-आफ्रिका’ ही ४५,००० किलोमीटरची केबल, तिची एक शाखा मुंबईला येते. आखातातून जमिनीवरून भूमध्य समुद्र गाठायचे बेतही आहेत. पूर्वी केबल्स देशोदेशींच्या टेलिफोन कंपन्या मिळून टाकायच्या, आता गूगल आणि मेटा स्वतःच्या टाकतात. पैसा त्यांचा, वाट मात्र अजून बरीचशी १८७० चीच.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी घरी आल्यापासून एक वही ठेवलीय, आमचं नेट कधी गेलं आणि का, याची. गेल्या पावसाळ्यात नऊ वेळा गेलं. चार वेळा रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर उपटली, तीन वेळा माडाचं झाप तारेवर पडलं, एकदा वीज गेली नि बॅटरी मेली, आणि एकदा कारण कळलंच नाही. समुद्राचा हात एकदाही नव्हता. पुढच्या वेळी नेट अडलं की लॅपटॉपवर ट्रेसराऊट ही कमांड चालव. एकेक टप्पा आणि त्याला लागलेला वेळ दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला चांदण्या उमटल्या आणि पुढे काहीच आलं नाही, तर भानगड इथेच पेडण्यात आहे. मुंबईपर्यंतचे आकडे लहान, आणि त्यापुढे एकदम दोनशे-तीनशे मिलिसेकंदांची उडी दिसली, तर मात्र समुद्राकडे बघ. तो आकडा मला आणून दाखव, कुठल्या वाटेने फिरतंय ते आपण नकाशावर लावून बघू. तुकडाही हातात घेऊन बघायचा राहिलाय तुझा.